तौनोच्या वाटचं लोणी

लेम्पी केत्तुनेन गेली तेव्हा पाद्रीबुवा तिच्याबद्दल चार शब्द बोलले. कष्टाळू होती म्हणाले, देवभीरू होती म्हणाले, शांत होती म्हणाले. पहिली दोन विशेषणं मी खपवून घेतली. शांत म्हटल्यावर मात्र मला चर्चच्या बाकावर बसल्या बसल्या आधी हसू आलं आणि मग रडू आलं. लेम्पी शांत नव्हती, घाबरलेली होती. आयुष्यातली कितीतरी वर्षं ती बाई जीव मुठीत धरून जगली आणि ते कशासाठी, हे माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहिते.

मी हेल्वी. गावच्या सहकारी दुकानात एकतीस वर्षं काउंटरमागे उभी होते. लग्न केलं नाही. जीभ तिखट, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. दुकानातल्या बाईला गावातलं सगळं कळतं. कुणाच्या घरची कॉफी संपली, कुणाचा नवरा पिऊन ओढ्यात पडला, कोण कुणाशी बोलत नाही. त्यातलं बोलायचं किती आणि गिळायचं किती, एवढंच शिकावं लागतं. लेम्पीचं गुपित मी गिळलं. ते अजून पचलेलं नाही.

आमच्या उत्तर कारेलियात तेव्हा पुरुष लवकर मरत. युद्धातून धडधाकट परत आलेले गडी शेतात मरत, जंगलात लाकूड तोडता तोडता मरत. छातीला हात लावून खाली बसायचे, ते उठायचेच नाहीत. कुणाला फारसं नवलही वाटत नसे. केत्तुनेनांच्या घरात तर ते ठरूनच गेल्यासारखं होतं. बाप पंचेचाळिसाव्या वर्षी बटाट्याच्या सरीत गेला. थोरला मुलगा रेनो चव्वेचाळिसाव्या वर्षी सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाकावर गेला, तापल्या दगडांवर पाणी टाकायचा डाव हातातच होता. त्याच्या पाठचा तौनो, म्हणजे लेम्पीचा नवरा. बहात्तर सालच्या हिवाळ्यात तो त्रेचाळीस पुरा झाला. सगळ्यांत धाकटा ओन्नी, तो एकोणचाळीसचा.

तौनोच्या वाढदिवशी सकाळीच लेम्पी दुकानात आली. कॉफी घेतली, वेलदोडे घेतले, आणि पिशवी भरून झाल्यावरही तिथंच उभी राहिली.

"हेल्वी, एकच वर्ष उरलं."

"कशाला?"

"वेड पांघरू नकोस. तुला माहितीये कशाला."

मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली. मग तिचे हात बघितले. पिशवीचा बंद तिनं बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

आमच्याकडचे पुरुष दुपारी जेवले की चुलीजवळच्या लांब बाकावर आडवे होतात आणि तोंडावर पेपर पसरतात. अर्धा तास घरात कुणी आवाज करायचा नाही. त्या अर्ध्या तासात लेम्पी भांडी घासायची आणि तिची नजर त्या पेपरावर असायची. पेपर वर गेला, खाली आला. वर गेला, खाली आला. एकदा तौनोनं पेपर दुहेरी घडी करून घेतला होता, तो काही हलेना. लेम्पीनं हातातली बशी जमिनीवर सोडून दिली. तौनो दचकून उठला, शिव्या घातल्या, पुन्हा झोपला. "एका बशीवर भागलं बाई," ती मला म्हणाली. शनिवारी तो सौनात गेला की ही बाहेर पायरीवर बसायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, "पाणी पुरतंय ना? टॉवेल घेतलास ना?" आतून तौनो ओरडायचा, "अगं, मी आंघोळ करतोय का परीक्षेला बसलोय?" तो ओरडला की हिला बरं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात शहरातून एक सिस्टर आली. आमचेच पुरुष एवढे का मरतात, ते शोधायला सरकारनं माणसं पाठवली होती. सिस्टरनं शाळेत सगळ्या पुरुषांचं रक्त काढलं आणि दोन आठवड्यांनी सगळ्यांना बायकांसकट बोलावलं. तौनोच्या कागदावर कोलेस्टेरॉल तीनशे ऐंशी लिहिलं होतं. ओन्नीच्या कागदावर त्याहून थोडं जास्तच.

सिस्टर तरुण होती पण बुजरी नव्हती. तिनं एका काचेच्या नळीत लोणी भरून आणलं होतं आणि ती नळी थंड खिडकीत ठेवली होती. दुसऱ्या नळीत तेल. "हे घट्ट झालं, हे वाहतंय. लोण्यातली चरबी घट्ट होणारी असते. पोटात जाते तशी रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवते, नळ्यांना आतून लेप देते," ती म्हणाली. "पावाला लावायला मार्गारीन घ्या. डब्यातलं, मऊ. बियांच्या तेलापासून करतात. जितकं मऊ तितकं चांगलं. कडक वड्या मिळतात त्या भाजण्या-तळण्यापुरत्या. आणि घ्याल तेव्हाही मापानं घ्या, लोण्याइतकंच अंगावर चढतं तेही."

"आणि जीवनसत्त्वं?" कुणीतरी विचारलं.

"ए आणि डी कारखान्यातच घालतात. आपल्याकडे सहा महिने ऊन नसतं, डी तर पाहिजेच."

तौनो उठला. तो डेअरीच्या समितीवर होता. अकरा गाई होत्या त्याच्या, आणि जिल्ह्यातलं उत्तम लोणी आपल्या डेअरीचं असं तो देवाच्या नावापाठोपाठ सांगायचा. "सिस्टर, माझी आजी रोज मूठभर लोणी खायची. नव्वद वर्षं जगली. तिला कुणी सांगायचं राहिलं वाटतं?"

हशा पिकला. सिस्टरही हसली. "बायकांना हा रोग उशिरा गाठतो, केत्तुनेन. तुमच्या आजोबांचं काय झालं?"

तौनो खाली बसला. आजोबा बेचाळिसाव्या वर्षी गेले होते. लेम्पी शेजारी बसली होती. तिनं तोंडावर हात दाबून धरला होता.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, मग अडचण कसली, डबा आणायचा आणि लावायचा. पण गाई असलेल्या घरात मार्गारीन म्हणजे आपल्याच विहिरीत थुंकणं. युद्धात मिळायचं ते आम्ही खाल्लं होतं, देवमाशाच्या तेलाचं. त्याचा वास आठवला तरी जुन्या माणसांना मळमळायचं. मार्गारीन गरिबानं खावं, शहरातल्यानं खावं. आणि लपवायचं म्हटलं तरी लपणार कसं? लोणी घरी यायची आमची एक रीत होती. रस्त्याच्या कडेला प्रत्येकाचा लाकडी ओटा असायचा, त्यावर पहाटे दुधाचे कॅन ठेवायचे. कॅनच्या कानाला चिठ्ठी बांधायची : लोणी दोन किलो. गाडीवाला इल्मो दूध न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी डेअरीतलं लोणी कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवून जायचा. इल्मोच्या पोटात तीळ भिजत नसे. समितीवरच्या तौनोच्या चिठ्ठीवर एक आठवडा लोणी नसतं, तर दुपारच्या आत गावभर झालं असतं.

सिस्टर गेल्यानंतरच्या सोमवारी लेम्पी आली. दुकान रिकामं होईपर्यंत ती धाग्यांची रिळं चाळत राहिली.

"हेल्वी, ते दे."

"ते म्हणजे?"

"ते गं. लाल झाकणाचं."

"मार्गारीन म्हण की. चोरीचा माल नाहीये तो, सहकारी दुकान आहे."

"हळू बोल ना, तुझ्या पाया पडते!" असं म्हणून तिनं दाराकडे पाहिलं. मी डबा दिला, वर एक कडक वडीही दिली. दोन्ही तिनं पिशवीत खाली टाकून वरून लोकर दाबली. पुढचं दीड वर्ष ती दर सोमवारी त्याच लोकरीखाली डबा नेत होती. त्या लोकरीचं मोजं काही विणून झालं नाही.

तौनोच्या आजीचा बर्चच्या लाकडाचा एक साचा होता, तळाला आठ टोकांची चांदणी कोरलेली. लोणी आलं की साच्यात दाबून, चांदणी वर येईल असं बशीत काढून मेजावर ठेवायचं, हा त्या घरचा रिवाज. लेम्पीनं पहिल्या आठवड्यात लोण्यात पाव हिस्सा मार्गारीन मळलं. मग निम्मं. मग पाऊण. वसंत ऋतू येईपर्यंत चांदणीत लोण्याचा कण उरला नव्हता. नुसतं डब्यातलं मऊ घेतलं तर चांदणी पाच मिनिटांत बसायची, म्हणून थोडी कडक वडी घालायची, साचा तळघरात बर्फाजवळ ठेवायचा आणि तौनो पावाला हात घालणार तेव्हाच बशी वर आणायची. हिवाळ्यातलं लोणी तसंही फिकं, त्यामुळे रंगाची चिंता मिटली. मीठ थोडं वरून घालायची. वेलदोड्याच्या गोड पावाच्या पिठात, भात भरून भाजलेल्या पातळ पोळीवर, म्हणजे पिराक्कावर, फिरवायला, उकडलेल्या अंड्याबरोबर कालवायला, भाजायच्या ताटलीला पुसायला, सगळीकडे तेच. तळायला मात्र अवघड जायचं. त्यात पाणी असतं, तव्यावर चुरचुर उडतं. पहिल्याच दिवशी तिच्या मनगटावर दोन फोड आले. तौनोनं मान वर केली.

"काय ओरडतंय ते?"

"पॅन ओली होती."

"बघ गं, आपल्या गाई तळं तर नाही ना प्यायल्या. लोणी हल्ली पाणचट लागतंय."

"हिवाळा आहे," ती म्हणाली.

सगळ्यांत भीती तिला सकाळच्या लापशीची वाटायची. लापशीच्या मधोमध खळगा करून त्यात लोण्याचा गोळा सोडतात, त्याला आम्ही डोळा म्हणतो. लोण्याचा डोळा सावकाश पाघळतो, पिवळा राहतो. हिचा डोळा भराभर पसरायचा. तौनो चमचा हातात धरून त्या डोळ्याकडे बघायचा, आणि लेम्पीला वाटायचं, आता बोलेल. तो बोलत नसे. खायचा.

एवढं सगळं तिनं ताकास तूर लागू न देता निभावलं. चूक झाली ती भलतीकडेच.

चिठ्ठी चालूच होती, म्हणून दर आठवड्याला दोन किलो लोणी ओट्यावर येतच होतं. त्याचं करायचं काय? आमच्या पिढीनं युद्धात झाडाच्या सालींचा पाव खाल्लाय. अन्न टाकणं आमच्या हाताला येत नाही, लोणी तर नाहीच नाही. डुकराला घातलं असतं तर तौनोनं विचारलं असतं. मला देऊ केलं, मी एकटा जीव, किती खाणार? मग तिला ओन्नीचं घर आठवलं. ओन्नीनं गाई विकल्या होत्या, तो जंगलात मजुरीला जायचा. घरात बायको इर्या आणि दोन वाढते मुलगे. लेम्पीनं टोपली भरली. "आमच्याकडे उरतंय," ती इर्याला म्हणाली. इर्यानं तिला मिठी मारली.

"ओन्नीचाही आकडा वाईट होता ना गं?" मी विचारलं होतं. विचारलं होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

"तो काटकुळा आहे, हेल्वी. दिवसभर झाडं तोडतो. आणि सिस्टरनं सांगितल्यापासून तो स्वतः लोणी शिवतसुद्धा नाही. इर्या मुलांना घालते."

ते खरंच होतं. ओन्नी घाबरला होता. भावांत तोच एक मोकळेपणानं घाबरणारा. दुकानात येऊन राजरोस मार्गारीन न्यायचा आणि इतर पुरुष हसले की म्हणायचा, "हसा लेको, तुमच्या अंत्ययात्रेला मीच येणारे."

पुढच्या वसंतात सिस्टर पुन्हा आली, पुन्हा रक्त घेतलं. तौनोच्या कागदावर तीनशे वीस. सिस्टरनं त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. त्या दुपारी तौनो कागद घेऊन थेट दुकानात आला. तिथं पाच-सहा जण बसले होते, ओन्नीही होता.

"वाचा! साठनं उतरलं. आणि काय सोडलं मी? काही नाही. रोज चांदणीवाली वडी खातो, लापशीत डोळा असा अंड्याएवढा! हे सगळं शहरातल्या कारखान्यांचं थोतांड आहे, मी पहिल्यापासून सांगत होतो."

"खरंच काही सोडलं नाहीस?" ओन्नीनं विचारलं.

"लेम्पीला विचार. ती वाढते."

लेम्पी लोकरीच्या कप्प्यापाशी उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मीही बघत होते. सांग, मी मनात म्हटलं, आत्ता सांगून टाक. तिचे ओठ हलले.

"नेहमीचंच वाढते," ती म्हणाली.

ओन्नी हसला. मान मागे टाकून, मोकळा, सुटका झाल्यासारखा हसला. हातातला लाल झाकणाचा डबा त्यानं माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. "हा परत घे हेल्वी. वर्षभर मेणबत्ती खाल्ल्यासारखं वाटतंय मला."

आणि मी तो डबा परत घेतला.

त्या संध्याकाळी लेम्पी माझ्या घरी आली. रडत नव्हती. खुर्चीच्या टोकावर बसली होती, पाय जमिनीला नीट टेकलेले नव्हते. "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय," ती म्हणाली. "ओन्नीला सांगितलं तर तो तौनोला सांगणार. तौनोला कळलं तर सगळ्या गावासमोर त्याचं नाक कापलं जाणार, तो चिडणार, पुन्हा लोणी खाणार. चिडला तर तिथंच कोसळेल, हेल्वी. रेनो सौनात जायच्या आधी भांडूनच गेला होता. मी मारीन त्याला. माझ्या तोंडच्या शब्दानं मरेल तो."

"मग ओन्नी?"

"गवताचं काम होऊ दे," ती म्हणाली. "उन्हात राबताना सांगायला नको. गवत झालं की सांगते. तोवर मी टोपली पाठवत नाही."

पण टोपली पाठवायची गरजच पडली नाही. ओन्नी स्वतःच यायला लागला. सायकल कुंपणाला टेकवून हाक मारायचा, "वहिनी, माझा भाऊ खातोय तेच मला दे!" नाही कसं म्हणणार? लोणी तळघरात आहे हे त्याला माहीत होतं. ती खाली उतरायची, कागदातलं लोणी आणायची आणि त्याच्या हातात द्यायची. मे गेला, जून गेला.

जुलैत गवत कापायला ओन्नी भावाकडे आला. आम्ही कापलेलं गवत शेतात रोवलेल्या खांबांवर टांगून वाळवतो. दुपारी कॉफी झाली. सगळ्यांनी पाव खाल्ला. तौनो आपल्या डब्यातला, ओन्नी आपल्या. ओन्नी उठला, एका खांबाला गवत चढवलं, दुसऱ्याला चढवायला हात वर केला आणि त्या खांबाला मिठी मारल्यासारखा खाली घसरला. लेम्पी त्याच्यापासून दहा पावलांवर होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या मिशीला लोणी होतं. हे तिनं मला तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एवढंच सांगितलं.

ओन्नी विडीकाडीही ओढायचा. शिवाय आता डॉक्टर म्हणतात की त्या काळच्या कडक वड्यांतली चरबीही काही साधी नव्हती, पुढं ती बदलावी लागली. तेव्हा माणूस नेमका कशानं गेला हे मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या वेळी असं कुणी सांगितलं असतं तरी लेम्पीनं ऐकलं नसतं.

अंत्यविधी झाला आणि लेम्पीला तिच्या भीतीनं दुसरीकडून गाठलं. आता तौनोच घाबरला. आठवड्याभरात तो दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला. गोठ्यात अर्धी बादली उचलून खाली ठेवायचा आणि छाती चाचपायचा. दुकानात आला तर बाकावर बसून एकच गोष्ट बोलायचा.

"माझ्यापेक्षा लहान होता. बारीक होता. मी खातो तेच खात होता. मग तो का गेला? मी का राहिलो?" गुडघ्यांवर हात टेकायचा. "मग आता माझीच पाळी," तो म्हणायचा, आणि उठून जायचा. लेम्पी तिथं असली तर मी तिच्याकडे बघत नसे. मला तेवढी हिंमत नव्हती.

ऑगस्टमधला एक दिवस. दुपारचं जेवण झालं, तौनो बाकावर आडवा झाला, तोंडावर पेपर घेतला. लेम्पी भांडी घासत होती, पेपर वर जात होता, खाली येत होता. तिला वाटलं तो झोपला. तेवढ्यात पेपराखालून आवाज आला.

"लेम्पी."

"काय?"

"मी खात होतो तेच तो खात होता ना?"

तिनं हात पुसले. भांड्यांपाशीच उभी राहून ती त्या पेपराशी बोलली. चेहरा दिसत असता तर बोलता आलं नसतं, असं ती म्हणायची.

"नाही," ती म्हणाली. "तू मार्गारीन खात होतास. दीड वर्षं. चांदणी त्याचीच, लापशीतला डोळाही त्याचाच. आणि लोणी ओन्नीच्या घरी जात होतं. मीच देत होते. तुझ्या वाटचं लोणी तो खात होता, तौनो."

पेपर थांबला.

लेम्पी मोजायला लागली. एक, दोन, तीन. सात झाले. नऊ झाले. पेपर हलेना. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज आणि एक माशी, दुसरं काही नाही. बारापर्यंत मोजलं आणि मग तिला आकडे आठवेनात. पुढं जाऊन पेपर उचलावा तर पाय उचलेनात. मारलं मी, तिच्या मनात एवढंच होतं, दोघांनाही मारलं.

मग पेपर हलला. तौनोनं तो बाजूला केला, उठून बसला, बूट घातले आणि बाहेर गेला. तिच्याकडे पाहिलंही नाही. सौनाचं दार लावल्याचा आवाज आला. त्या दिवशी सौना पेटवलेली नव्हती. लेम्पी पायरीवर जाऊन बसली. पाणी पुरतंय का, असं विचारायला तिला तोंड नव्हतं. आतून दोनदा खोकल्याचा आवाज आला, तो तिनं धरून ठेवला. गाई हंबरायला लागल्या तेव्हा तो बाहेर आला, गोठ्यात गेला, दूध काढलं, जेवला नाही. तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही, आणि तीन दिवस मेजावर ती बशी ना तिनं आणली ना त्यानं मागितली. कोरडा पाव खाल्ला दोघांनी.

चौथ्या दिवशी सकाळी इल्मो दुकानात घुसला तोच हातात चिठ्ठी नाचवत. "हेल्वी, हे बघ! हे वाच आणि मला सांग मी शुद्धीत आहे का!" दुधाच्या कॅनवरची चिठ्ठी होती ती. अक्षर लेम्पीचं नव्हतं. तौनोच्या जाड, दाबून लिहिलेल्या अक्षरात दोनच शब्द होते : लोणी नको.

त्यानंतर तौनो तेहतीस वर्षं जगला, आणि लेम्पी तेहतीस वर्षं दुपारी पेपराकडे बघत राहिली. ती तिची खोड कधी गेली नाही. इर्याला त्या दोघांनी सगळं सांगितलं, की नाही सांगितलं, ते मला माहीत नाही. इर्यानं लेम्पीशी बोलणं कधी सोडलं नाही, मिठी मात्र पुन्हा कधी मारली नाही. डेअरीच्या समितीतून तौनोला काढलं.

पण त्या चिठ्ठीच्या दिवशी, इल्मोनं ती गावभर फिरवल्यावर, तौनो दुकानात आला. दुकान खच्चून भरलं होतं. तमाशा बघायलाच आले होते सगळे. समितीचे दोघे होते, पाद्रीबुवा होते. तौनो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि डावा हात कोटाच्या आत, छातीवर होता.

"मार्गारीन," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लाल झाकणाचं."

मी एक डबा ठेवला.

"दोन दे," तो म्हणाला. "एक इर्याकडे द्यायचाय. तिथं दोन मुलगे आहेत."